सिंगल फेज मिग मशीन: कुजलेल्या पत्र्याला घरचा तुकडा जोडायला किती कामाचं?

अंगावर '२००' असा आकडा ठळक छापलेलं, घरच्या सिंगल फेजवर चालणारं आणि 'गॅससह, गॅसविना दोन्ही' असं सांगून विकलं जाणारं छोटं मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणारं) आता बेळगावात साध्या हार्डवेअरच्या दुकानातही दिसतं. नावं वेगवेगळी असली तरी आतला माल बराचसा एकाच घडणीचा असतो. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका नावाचं नाही, या सगळ्या वर्गाचं आहे. तेही एकाच कामापुरतं: जुन्या गाडीचा गंजलेला भाग कापून काढायचा आणि तिथे घरी घडवलेला पत्र्याचा तुकडा बसवायचा. गेट, ग्रील, शेड करणाऱ्यांनी याचा आधार घेऊ नये, त्यांच्या गरजा निराळ्या.

निकाल आधीच सांगून टाकतो. गॅस (वितळलेल्या जोडाला हवेपासून वाचवणारा) लावून वापरलं तर ०.८ ते १.२ मिमीच्या पत्र्यासाठी हे मशीन पैसे वसूल करतं. गॅसविना, म्हणजे फ्लक्स (गॅसऐवजी जोडाचं रक्षण करणारी भुकटी) भरलेली तार लावून, गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावर चालवणार असाल तर घेऊच नका. आणि तुकडा नीट बसवायचा कंटाळा असेल तर याच्या दुप्पट किमतीचं मशीनही तुम्हाला वाचवू शकणार नाही.

आपल्या भागात या कामाला तोटा नाही. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली आणि २०१९ मध्ये बंद झालेली ओम्नी निपाणी, चिकोडी, खानापूर पट्ट्यात अजून रोज धावते. तिची पुढची चाकं थेट पुढच्या सीटखाली. चाकाने उडवलेला चिखल चाकावरच्या कमानीच्या मागच्या बाजूला आणि सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, पुढच्या टोकाला जाऊन बसतो. जांबोटी-कणकुंबीकडचा तांबडा चिखल तिथे एकदा घट्ट बसला की पाऊस संपून महिना झाला तरी आतून ओलाच असतो. त्यात चोर्ला घाटाने गोव्याच्या फेऱ्या असतील तर खारी हवा आलीच. पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवायला गाडी आरटीओत दाखवायची वेळ येते, तेव्हा लोक पत्र्याकडे बघायला लागतात आणि पायाखालची चटई पहिल्यांदा उचलतात.

आधी मशीनबद्दल. दुकानदार २०० अँपिअरचं कौतुक सांगेल, ते एका कानाने ऐका. ०.८ मिमीच्या पत्र्याला लागतात ३५ ते ५५ अँपिअर आणि १४ ते १६ व्होल्ट. म्हणजे आपला सगळा व्यवहार मशीनच्या तळच्या टोकाला. वर किती जातं याला महत्त्व नाही, खाली उतरल्यावर आर्क (तारेच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) स्थिर राहतो की नाही याला आहे. काही मशीनं ६० अँपिअरच्या खाली आली की थुंकायला लागतात: तार पत्र्याला टेकते, फट्‌ होते, विझते, पुन्हा टेकते. दुकानात जाताना ०.८ मिमीच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या खिशात घेऊन जा, कडेला कड लावून धरा आणि सगळ्यात कमी सेटिंगवर टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून दाखवायला सांगा. चांगल्या मशीनचा आवाज एकसारखा तडतडता येतो. जाड पाटीवर मारलेली चकचकीत वेल्डिंग दाखवून मशीन गळ्यात मारणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा.

व्होल्टेज आणि तारेचा वेग यांची दोन वेगळी बटणं असलेलंच घ्या. एकाच बटणावर दोन्ही आपोआप जुळवणारी मशीनं जाड मालाला ठीक असतात, पातळ पत्र्यावर हात बांधल्यासारखे होतात. तार ०.८ मिमीची, तांब्याचा मुलामा दिलेली, ईआर ७० एस-६ जातीची. ०.६ मिमीची मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण आपल्याकडे सहसा मिळत नाही. टॉर्चची (हातात धरून वेल्डिंग करायच्या दांड्याची) टिप, म्हणजे तार बाहेर पडते ते टोक, ०.८ ची. तार पुढे ढकलणाऱ्या चाकाला साध्या तारेसाठी गुळगुळीत व्ही खाच लागते आणि फ्लक्सच्या तारेसाठी दातेरी. बरीच मशीनं डब्यातून दातेरी चाक लावूनच येतात. त्यावर साधी तार चालवली की तांब्याचा चुरा निघतो, तो टॉर्चच्या लायनरमध्ये, म्हणजे तार जाते त्या आतल्या नळीत, साठतो आणि काही दिवसांनी तार अडकून आत घरटं होतं. मग शिव्या मशीनला. चाक काढून बघायला दोन मिनिटं लागतात.

विजेची भीती अनेकांना वाटते, ती या कामापुरती अनाठायी आहे. ५० अँपिअरवर आउटपुट साधारण ८०० वॉट. मशीनमधली घट धरली तरी एक किलोवॉटच्या आसपास, म्हणजे लाइनमधून सहा-सात अँपिअर. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर आरामात चालतं. खरी अडचण येते ती शेतावरच्या शेडमध्ये, पंप सुरू असताना व्होल्टेज १८० च्या खाली उतरतं तेव्हा. मशीन बंद पडतं किंवा आर्क मरतुकडा होतो. त्या वेळेला पातळ एक्स्टेन्शन वायर जोडून दुष्काळात तेरावा महिना आणू नका. किमान २.५ चौरस मिमीची वायर, वीस मीटरच्या पुढे ४ ची. अर्थिंग खरं हवं, नुसती तिसरी पिन असून चालत नाही.

गॅसचं गणित असं. शुद्ध कार्बन डायऑक्साइड स्वस्त आणि कुठेही मिळतो, पण त्याचा आर्क खोल खणतो आणि शिंतोडे जास्त उडवतो. पातळ पत्र्याला ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण मऊ पडतं. फरक कागदावरचा नाही. त्याच मशीनवर, त्याच तारेने, मिश्रण लावल्यावर भोकं पाडण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं कमी होतं. प्रवाह मिनिटाला ८ ते १० लिटर पुरे. जास्त सोडला तर गॅसमध्ये भोवरा होऊन उलट हवाच आत ओढली जाते. एप्रिलच्या उकाड्यात टेबल फॅन अंगावर घेऊन वेल्डिंग करणाऱ्यांच्या टाक्यांत टाचणीएवढी छिद्रं का येतात याचं उत्तर त्या फॅनमध्येच असतं.

गॅसविना चालवताना आणखी एक गोष्ट असते जी डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेली असते: ध्रुव बदलायचे. गॅससह साध्या तारेला टॉर्च पॉझिटिव्हवर, फ्लक्सच्या तारेला निगेटिव्हवर. मशीनच्या पुढच्या बाजूला एक आखूड केबल असते, ती बदलून लावली नाही की कुठलीच वेल्डिंग धड होत नाही. नीट लावूनही फ्लक्सची तार ०.८ मिमीच्या पत्र्यावर गरमच पडते, वर राख आणि शिंतोडे साफ करत बसावं लागतं. चेसिसचा दीड-दोन मिमीचा ब्रॅकेट, उघड्यावर, वाऱ्यात जोडायचा असेल तर ती कामाची. दाराच्या खालच्या पट्टीला नाही.

आता पत्रा. सीआर पत्रा घ्या, म्हणजे थंड लाटलेला, काळी खपली नसलेला. बाहेरच्या भागाला ०.८ मिमी, फरशीला १ मिमी, सिल आणि त्याच्या आतल्या मजबुतीच्या पट्टीला १.२. गेजमध्ये विचारलं तर २० गेज म्हणजे ०.९ मिमीच्या जवळ आणि १८ गेज म्हणजे १.२, पण दुकानागणिक गेज सैल असतं, मायक्रोमीटर किंवा व्हर्निअर सोबत ठेवा. ८ बाय ४ फुटांचा १ मिमीचा पूर्ण पत्रा सुमारे साडेतेवीस किलो भरतो. एका गाडीला तेवढा लागत नाही, पाव पत्रा कापून मिळाला तर उत्तम. जुन्या लोखंडी कपाटाचं दारही चालतं, रंग पूर्ण काढला तर. तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा पत्रा मात्र ०.३ मिमीच्या आसपासचा असतो. तो ठोकून वर पुट्टी ओढलेली गाडी विकत घेणाऱ्याला पहिल्या पावसातच कळते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, गंजत नाही म्हणून मोह होतो. पण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी. वाफ टाक्यात अडकून टाका पोकळ होतो आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वापरायचाच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं इंचभर जस्त घासून काढा आणि दारं उघडी ठेवा.

कापायचं किती? स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. शेवटचं छिद्र जिथे संपतं तिथून आणखी २०-२५ मिमी पुढे, जिथे पत्र्याची पूर्ण जाडी लागते तिथे रेघ मारा. बहुतेक घरगुती कामं इथेच फसतात. जुना पत्रा वाचवायच्या नादात कड अर्धी खाल्लेली ठेवली जाते आणि मग आर्क टेकला रे टेकला की कड मागे सरकत जाते. "पत्रा जळूलाय ओ," अशी तक्रार ऐकू आली की दहापैकी आठ वेळा मशीन निर्दोष असतं.

साचा पुठ्ठ्याचा करा, खोक्याचा जाड नव्हे, मिठाईच्या डब्याचा पातळ. मास्किंग टेपने चिकटवून, घड्या घालून तंतोतंत बसला की मगच पत्र्यावर उतरवा. एका बाजूची कमान पार गेली असेल तर दुसऱ्या बाजूची घ्या आणि साचा उलटा करा. घडीचा हिशेब विसरू नका: १ मिमी पत्र्यात काटकोन वाकवताना बाहेरून २० आणि ३० मिमीच्या बाजू हव्या असतील तर पट्टी ५० ची नाही, ४८ ची कापायची. दोन-तीन घड्यांचा सिल असेल तर हेच दोन-दोन मिमी साठून शेवटची कड दाराच्या रबराला जाऊन भिडते.

सरळ घडीसाठी दोन अँगलमध्ये पत्रा पकडून वाईसमध्ये आवळा आणि लाकडी हातोडीने पूर्ण लांबीभर थोडं थोडं वाकवत न्या. तीन फुटांपेक्षा लांब पट्टी असेल तर घरी झटापट करू नये. उद्यमबाग किंवा मच्छे भागात बेंडिंग मशीनवर ते काही मिनिटांचं काम आहे, पुठ्ठ्याचा साचा आणि घडीच्या रेघा स्पष्ट असल्या म्हणजे झालं.

चाकाच्या कमानीची आत वळलेली ओठाची कड हे या सगळ्यातलं अवघड आणि गोडीचं काम. १८ मिमीच्या प्लायवूडचे दोन तुकडे कमानीच्या गोलाईत कापा, पत्रा त्यांच्यामध्ये क्लॅम्पने आवळा आणि १०-१२ मिमी कड बाहेर ठेवा. ही कड वळताना ताणली जाते, कारण आतल्या लहान गोलाईतला पत्रा बाहेरच्या मोठ्या गोलाईवर जाऊन बसतो. म्हणून हातोडी मारण्याआधी कड कानसेने गुळगुळीत करा. ग्राइंडरने राहिलेल्या बारीकशा खाचेतूनच पुढे चीर जाते. पूर्ण कमानीभर फिरत आधी ३० अंश, मग ६०, मग ९०. एकाच जागी ठोकत बसलात तर तिथे पत्रा कागदासारखा पातळ होईल. तरीही कड ऐकत नसेल तर दर ३० मिमीवर सरळ काप द्या, वळवल्यावर ते व्ही होऊन उघडतील, ते टाक्याने भरून काढा.

जोड कडेला कड. त्यासाठी सोपी युक्ती: नवा तुकडा जुन्या पत्र्यावर थोडा चढवून दोन-चार जागी पकडा आणि १ मिमीच्या कटिंग डिस्कने दोन्ही एकदम कापा. हवी तेवढीच फट आपोआप राहते. तुकडा एकावर एक चढवून जोडणं सोपं वाटतं, पण त्या दुपदरात पाणी शिरलं की दोन पावसाळ्यांत काम पहिल्या जागी. फरशीसारख्या न दिसणाऱ्या जागी चढवलाच तर दोन्ही बाजूंनी फट बुजवणारा सीलर हवाच.

आता टाके. चार कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग दर २५-३० मिमीला एक. प्रत्येक टाका सेकंदभराचा, आर्क नव्या जाड पत्र्यावर सुरू करून जुन्याकडे झटका. हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, तोवर गाडीच्या दुसऱ्या टोकाला काम करा. मग मधले टाके, मग मधल्यांच्या मधले. सलग रेघ ओढायची हौस आली की पत्रा आक्रसतो, बाजूचा भाग फुगतो आणि बोट दाबलं की डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. तो परत बसवणं मूळ कामापेक्षा महाग. सपाट पत्र्याच्या मधोमध जोड आणूच नका, गाडीच्या अंगावरच्या उठावाच्या रेषेच्या किंवा घडीच्या जवळ घ्या. तिथे पत्रा स्वतःच ताठ असतो. भोक पडलं तर मागे तांब्याचा चपटा तुकडा धरा, अर्ध्या इंचाची तांब्याची नळी ठोकून चपटी केली तरी चालते. तांब्याला टाका चिकटत नाही, भोक शांतपणे भरतं. शेवटी ६० नंबरची फ्लॅप डिस्क, हलक्या हाताने, आणि आतून डॉली (हातात मावणारा लोखंडी ठोकळा) धरून टाक्यांवर हातोडीचे हलके ठोके, म्हणजे आक्रसलेला जोड पुन्हा थोडा लांबतो.

कंपनीने जिथे स्पॉट (दोन पत्रे दाबून विजेने जोडलेले ठिपके) मारले होते तिथे भोक भरून जोडायचं: वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमीचं भोक, दर ३०-४० मिमीला एक, दोन्ही पत्रे घट्ट आवळलेले, अँपिअर ७०-८० पर्यंत वाढवलेले. आर्क भोकाच्या मध्यावर खालच्या पत्र्याला टेकवून बाहेर फिरवत यायचं. भंगार तुकड्यावर एक करून छिन्नीने उचकटून बघा. टाका खालच्या पत्र्याचा लचका तोडून आला तर खरा, नुसता सुटून आला तर वर चिकटलेला होता.

जुन्या पद्धतीने पितळेने जोडलेली जागा समोर आली तर तिथे मिग चालवू नका. पितळेचा अंश राहिला तरी टाका तडकतो. ती जागा पूर्ण कापून काढायची. जुने टिंकर ऑक्सिजन-ॲसिटिलीनवर सुंदर काम करतात यात वाद नाही, पण त्यांची ज्योत वीतभर पत्रा तापवते, मिगचा टाका बोटभर. शिकाऊ हाताला मिगच बरा.

सिल कापण्याआधी गाडी चाकांवर, सपाट जागी उभी असावी. दाराच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप तात्पुरता जोडा आणि दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. ओम्नी, मारुती ८०० सारख्या गाड्यांना वेगळी चेसिस नाही, अंगच चेसिस आहे. सिल काढल्यावर चौकट ५ मिमी जरी बसली तरी दार परत कधी लागणार नाही. आतली पट्टी कुजलेली ठेवून बाहेर नवं झाकण चढवणं ही शुद्ध फसवणूक. सीट बेल्टचे, सस्पेन्शनचे आणि स्टीअरिंगचे जोड घरच्या मशीनवर करू नयेत, ते अनुभवी बॉडीशॉपकडेच जाऊ द्या.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, अर्थचा क्लॅम्प जोडापासून वीतभर अंतरावर, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या उतरवा. एलपीजी किंवा सीएनजीचं सिलिंडर असेल तर ते गाडीत ठेवून ठिणगी पाडणं म्हणजे वेडेपणा. खालचा डांबरी थर जोडाच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं खरवडा, नाहीतर आतल्या बाजूला तो धुमसत राहतो आणि बाहेर पत्ता लागत नाही. पाण्याची बादली आणि आत बघणारा दुसरा माणूस हवाच. काम थांबल्यावर अर्धा तास गाडीजवळून हलू नये.

रंगाचं थोडक्यात: इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी, जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, पुट्टी जास्तीत जास्त २ मिमी. पोकळ भागात मेणाचा स्प्रे, रंगानंतर. आणि सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. नव्या कामावर ती बुजलेली हमखास सापडतात.

मशीनमधल्या खटकणाऱ्या गोष्टी. अर्थचा क्लॅम्प बहुतेकांचा पत्र्याचा आणि कमकुवत, पहिल्याच दिवशी तो बदलून पितळी क्लॅम्प लावा, अस्थिर आर्कचं निम्मं दुखणं तिथे जातं. टॉर्च मशीनला कायमची जोडलेली असेल तर लायनर खराब झाल्यावर कटकट होते, युरो जोडाची (काढता-लावता येणारी) टॉर्च असलेलं मॉडेल थोडं महाग पडलं तरी घ्या. तार ढकलणारा भाग प्लास्टिकचा असेल तर तो झिजतो, धातूचा असलेलं शोधा. आपल्या पावसाळ्यात तारेचं रीळ मशीनमध्ये तसंच सोडलं की जूनअखेर त्यावर लाली चढते आणि ती लाली थेट लायनरमध्ये जाते. काम संपलं की रीळ काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवा. म्हणून पाच किलोचं मोठं रीळही घेऊ नका. एका ओम्नीच्या दोन्ही सिलना आणि कमानींना एक किलोचं पुरून उरतं.

विकत घेताना शेवटचा प्रश्न सिलिंडरचा विचारा. मशीनची किंमत सगळेच सांगतात, मिश्र गॅसच्या सिलिंडरचं डिपॉझिट, भाडं आणि रेग्युलेटर यांचा आकडा मात्र मशीन गाडीत चढल्यावर कळतो. गॅसवाल्याकडे आधी जाऊन या, त्याच्याकडे लहान सिलिंडर आहे का ते बघा, मग मशीनच्या दुकानात शिरा.